भंगारातला लेथ दारात येतो तेव्हा

निवृत्तीनंतर माणसे घरात काय काय आणतात! कुणी गुलाबाच्या कुंड्या, कुणी हार्मोनियम, कुणी पोपट. पण जन्मभर कारखान्यात टर्नर म्हणून राबलेला गृहस्थ एके दिवशी टेम्पोत जुना लेथ घालून दारात उभा राहिला, तर गृहिणी काय म्हणणार? "अहो, हे धूड ठेवायचे कुठे?" प्रश्न अगदी रास्त. चार-साडेचार फुटी साधा लेथही काहीशे किलोंचा असतो. तो वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत चढवणे म्हणजे इमारतीशी वैर. त्याला तळमजला हवा आणि खाली भक्कम काँक्रीट.

मग नवे, सुटसुटीत यंत्र का नको? कारण जुन्याचे बेड जाडजूड बिडाचे असते आणि बीड कंपने पोटात घालते. तेवढ्याच पैशांत मिळणारे नवे यंत्र बहुधा हलके. जरा खोल काप घेतला की थरथरू लागते. हरिहरचे किर्लोस्कर लेथ, १९५३ साली बंगळूरला सुरू झालेल्या एचएमटीचे लेथ, बटाला आणि राजकोटची साधी पण कणखर यंत्रे यांवर टर्नरांच्या पिढ्या घडल्या. कारखान्यांत संगणकावर चालणारी यंत्रे आली आणि ही मंडळी कोपऱ्यात गेली. तिथून लिलावात, लिलावातून व्यापाऱ्याकडे. व्यापाऱ्याकडेही गिऱ्हाईक आले नाही, तर गॅस कटरने तुकडे होऊन वजनावर विक्री.

शोधायचे कुठे? दिल्लीचे मायापुरी, हावड्याचा बेलिलियस रोड ही नावे जाणकारांच्या तोंडी असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी फेरी मारली, तर कानशी, टॅप, क्वचित एखादा चांगला मायक्रोमीटर हाती लागतो. पण खरी खरेदी करावी ती बंद होत असलेल्या छोट्या वर्कशॉपमधून. तिथे यंत्र जागेवर चालवून पाहता येते, आणि त्यावर काम केलेला माणूस त्याच्या खोड्याही सांगतो.

ताज्या रंगाला मात्र भुलू नका. रंगाखाली काय झाकले आहे, हे विचारावे. लेथचे बेड चकजवळ सर्वांत जास्त झिजते, कारण बहुतेक काम तिथेच होते. दुसरे टोक जवळजवळ कोरे राहते. म्हणून कॅरेज चकजवळ न डुगडुगता सरकेल इतपत आवळावे आणि टेलस्टॉककडे न्यावे. वाटेत ते अडकू लागले, तर झीज बरीच आहे असे समजावे. चकमध्ये जाड सळई धरून वर उचलून पाहावी. डायल गेजचा काटा हलला, तर स्पिंडलच्या बेअरिंगकडे पाहायला हवे. हॅन्डल थोडे मोकळे फिरते म्हणून यंत्र नाकारू नये. हत्यार नेहमी एकाच बाजूने पुढे आणायची सवय लावली की तेवढा दोष सांभाळता येतो. आटे पाडण्याचे बदली गिअर मात्र मोजून घ्यावेत. ते मागाहून जमवताना नाकी नऊ येतात.

मोटर बहुधा थ्री-फेजची निघते आणि घरात असते सिंगल-फेज वीज. एक तर मोटर बदलावी, नाहीतर व्हीएफडी नावाची पेटी बसवावी. तिच्यामुळे सिंगल-फेजवर थ्री-फेज मोटर चालते आणि वेगही कमी-जास्त करता येतो. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी, अर्थिंगसकट. हातमोजे, मफलर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या, अंगठी यांतले काहीही फिरत्या चकजवळ नको. चकची किल्ली चकमध्ये विसरली आणि बटण दाबले, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. निघणारा कीस आकड्याने ओढावा, बोटाने कधीच नाही. घरात नातवंडे असतील, तर मेन स्विचला कुलूप हवेच.

झिजलेले बेड सुधारता येते, पण ते काम साऱ्यांना येत नाही. सपाट पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर घासायची. जिथे रंग लागेल तो उंचवटा. तो स्क्रेपरने हातानेच खरवडायचा, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून कमी. पुन्हा रंग, पुन्हा खरवड, असे कित्येक दिवस. हे हात आता फार थोडे उरले आहेत आणि त्यातले बरेचसे निवृत्त होऊन घरी बसले आहेत. लेथ घेण्याआधी असा एखादा फिटर गाठावा आणि त्याला सोबत न्यावे. तो यंत्राच्या किमतीबद्दल काही बोलण्याआधी बेडवरून बोट फिरवील. सौदा त्यानंतर.