तोच डोह

एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते आणि आम्ही दोघे प्राध्यापक, एक नांदेडचा, एक लातूरचा, माळावरच्या हरणांसाठी खोदलेला छोटा हौद भरत होतो. आमच्या आजोबांच्या पिढीत उन्हाळा म्हणजे शिकारीची तयारी. बंदूक पुसायची, ओढ्यातला शेवटचा डोह हेरायचा, वारा तोंडावर घेऊन दबा धरायचा. तहानलेले काळवीट आपण होऊन येई. त्यात पराक्रम तो कसला! १९७२ च्या दुष्काळातच वन्यजीव संरक्षण कायदा झाला, बंदुका अडगळीत गेल्या. हौदासाठी आम्ही जागा निवडली, तीही नेमकी त्याच डोहाकाठची. शेजारचा शेतकरी म्हणाला, ‘‘पाजा पाणी सर, पण पावसाळ्यात माझं सोयाबीन कोण राखणार?’’ आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या सकाळी चिखलात खुरांशेजारी कुत्र्यांची पावले होती.