११ महिन्यांची कोथिंबीर

भाड्याच्या घराचा करार ११ महिन्यांचा असतो आणि कोथिंबीर साधारण ४० दिवसांत कापायला येते. म्हणजे एका करारात आठ पेरण्या. पुण्याचा कडक उन्हाळा वजा केला तर सहा. गेली १७ वर्षं मी घराचा हिशेब असाच करत आलोय. असा हिशेब करणारी आणखीही कुटुंबं तुमच्यात असतील, म्हणून आज घरच्या हिरव्या मसाल्याविषयी लिहितो.

हिरवा मसाला म्हणजे कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आलं आणि लसूण यांचं वाटण. आमच्याकडे खिमा असो, मसुरीचं सालन असो की रमजानात भज्यांसोबतची चटणी, या वाटणाशिवाय चूल पेटत नाही. यातल्या कोथिंबीर आणि पुदिना या दोन गोष्टी, आणि फोडणीचा कढीपत्ता, कुंडीत उत्तम येतात. त्यांना जमीन लागत नाही. एखादी जुनी बादली, चांगली माती, तीन-चार तासांचं ऊन आणि न विसरता पाणी घालणारं माणूस एवढं पुरतं. जमीन नसलेल्यांची बाग म्हणायची तर ती हीच.

सोलापूरकडच्या आमच्या गावी बाग हा शब्द कुणी वापरत नसे. न्हाणीचं पाणी जिथे वाहून जायचं तिथे पुदिना होता, त्याच्या पुढे कढीपत्त्याचं झाड, आणि पावसाळ्यात अम्मी मूठभर धने फेकायची. पुण्यात नोकरीला आलो तेव्हा समजलं, की ज्याला आपण घराचा मागचा कोपरा म्हणत होतो ती फार मोठी मिळकत होती.

पुण्यात आतापर्यंत पाच घरं झाली. घर शोधताना फोनवर काय होतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. "शिक्षक आहात? वा, छान!" इथपर्यंत सगळं सुरळीत असतं. मराठी शिकवतो म्हटलं की आणखी कौतुक होतं. मग नाव विचारलं जातं. मग "आमच्या मिस्टरांना विचारून कळवते." त्यातले एक मिस्टर गेली १२ वर्षं विचार करतायत. असो. जी घरं मिळाली ती चांगल्या माणसांची मिळाली, पण प्रत्येक घरात पहिल्या दिवसापासून निघायची तारीख ठाऊक असायची. अशा घरात माणूस भिंतीला खिळा ठोकताना दोनदा विचार करतो. झाडाचं तर बोलायलाच नको.

म्हणून कोथिंबीर. तिला तुमच्या कराराशी देणंघेणं नसतं. किराणा दुकानातले धने चालतात, फक्त ते जुने किंवा भाजलेले नसावेत. एक धना म्हणजे दोन बिया. त्यामुळे पेरण्याआधी धने चपलेच्या तळव्याखाली किंवा लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या. रगडताना पीठ होऊ द्यायचं नाही. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी निथळायचे आणि अर्धा इंच खोल पेरायचे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका यासाठी सगळ्यात स्वस्त; तळाला भोकं पाडा, सहा-सात इंच माती भरा. आमच्या सोलापूरकडची काळी माती कुंडीत दगडासारखी बसते आणि तडकते, म्हणून तिच्यात निम्मं शेणखत आणि कोकोपीट मिसळावं लागतं. दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या खोक्यात पेरत गेलात की घरात जुडी विकत आणावी लागत नाही.

कोथिंबिरीचं रोप मात्र उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नये. तिला सोटमूळ असतं, ते दुखावलं की रोप मान टाकतं. जिथे पेराल तिथेच ती वाढणार. उन्हाचा कडाका वाढला की ती पानांचा नाद सोडून फुलावर जाते. पानं शेपूसारखी बारीक होतात आणि पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. अशा वेळी तिला शिव्या देऊ नका. फुलांमागून हिरवे धने धरतात, ते ठेचून डाळीत टाकले तर चव वेगळीच लागते. चार झुबके वाळू द्या, पुढच्या पेरणीचं बी घरचंच होईल.

पुदिन्याचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्याला कुठूनही उचला, कुठेही लावा. बाजारातल्या जुडीतल्या जाडसर काड्या निवडून, खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेवल्या की आठवड्या-दीड आठवड्यात मुळं फुटतात. मग कुंडीत. त्याला अर्धी सावली आणि ओल आवडते, आणि तो जमिनीखालून धावतो, म्हणून त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी. नाहीतर शेजारच्या रोपाला तो जागा ठेवत नाही. दर घरबदलाच्या वेळी आम्ही पुदिन्याच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून अम्मीच्या पिशवीत ठेवल्या. टेम्पोत कपाट फुटलं, आरसा फुटला, पुदिना मात्र दर वेळी पोचला.

वर्गातली एक गोष्ट सांगतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. भाज्यांची नावं घेताना सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, कोतमीर कू उर्दू में क्या बोलते?" पुस्तकात 'हरा धनिया' होतं. तिच्या घरी, माझ्या घरी, हैदराबादेपर्यंतच्या सगळ्या दखनी घरांत ती कोतमीरच. मराठीत कोथिंबीर, कानडीत कोत्तंबरी, तेलुगूत कोत्तिमीर. हा शब्द दिल्ली-लखनौहून आलेला नाही, तो याच मातीतल्या शेजाऱ्यांकडून आमच्या जिभेवर आला. पुदिना मात्र फारसीतून आला आणि मराठीच्या स्वयंपाकघरात असा बसला, की आज कुठलीही मराठी गृहिणी त्याला परका म्हणणार नाही. मी मुलीला सांगितलं, परीक्षेत हरा धनिया लिही, घरी कोतमीर म्हण. दोन्ही तुझेच शब्द आहेत.

झाडांचं तरी वेगळं कुठे आहे? कोथिंबिरीचं मूळ भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या बाजूला. इजिप्तचा राजा तुतनखामेन, ज्याला जाऊन ३३०० वर्षं झाली, त्याच्या थडग्यात धने सापडले. मिरची तर अमेरिका खंडातली, पोर्तुगीज व्यापारातून साधारण १६व्या शतकात इथे उतरली. आज ठेचा आणि तांबडा रस्सा तिच्याशिवाय होत नाही. तिला कुणी रहिवासाचा पुरावा मागत नाही. वाटणात पडल्यावर कोण कुठून आलं हे पाटासुद्धा सांगू शकत नाही.

कढीपत्ता मात्र इथलाच, अस्सल देशी. आणि नेमका तोच भाडेकरूला परवडत नाही. बियांपासून लावला तर पहिली दोन वर्षं तो फार हळू वाढतो. पानं बिनघोर तोडायला तिसरं वर्ष उजाडतं. थंडीत तर तो जवळपास झोपूनच असतो. पहिल्या घरात मी त्याचं रोप आणलं तेव्हा अम्मी म्हणाली होती, "काय कू लगारा रे? कल उठ के जाना है।" तिचं बरोबर होतं. पण रोप आलं होतं. मग ते रंगाच्या २० लिटरच्या बादलीत गेलं आणि त्या बादलीसकट चार घरं फिरलं. हमाल प्रत्येक वेळी विचारायचे, हेपण न्यायचंय? अम्मी सगळ्यात आधी त्याच्याकडे बोट दाखवायची.

कढीपत्ता कुंडीत सांभाळायचा तर त्याचा शेंडा खुडत राहा, म्हणजे बगलेतून फुटवे येतात आणि झाड उंच न होता भरगच्च होतं. पानं एकेक ओरबाडू नका, अख्खी काडी कात्रीने कापा. घरोघरी त्याला आंबट ताक घालतात, आम्हीही पाणी मिसळून घालतो. अधूनमधून पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल. ती लिंबाळी फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते आणि चार दिवसांत फांदी साफ करते. औषध मारायच्या आधी एक हदीस आठवा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. तिचा आशय असा, की मुसलमानाने झाड लावलं किंवा शेत पेरलं आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका होतं. अम्मीने यात अळीलाही धरलंय. मौलानांना विचारायची गरज तिला वाटली नाही.

त्या झाडाला मुळाजवळून पिलं फुटतात. प्रत्येक घर सोडताना आम्ही एक पिल्लू मुळासकट काढून शेजारी दिलं. तिसऱ्या घराच्या मालकीणबाईंनी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, ते कुंडीत न ठेवता मागच्या मोरीजवळ जमिनीत लावलं. काकूंचा मुलगा परतल्यावर आम्हाला ते घर सोडावं लागलं. ते झाड आता पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलंय. काकू ईदला फोन करतात तेव्हा आधी झाडाची खुशाली सांगतात, मग स्वतःच्या गुडघ्यांची. तिथे आता जे भाडेकरू राहतात ते त्याचीच पानं तोडतात. ते कोण, कुठले, मला माहीत नाही. हदीसमध्येही खाणाऱ्याचं नाव विचारलेलं नाही.

आणखी एक रोप आमच्याकडे असतं, सब्जा. फालुद्यात आणि रमजानच्या सरबतात फुगून येणाऱ्या काळ्या बिया त्याच्याच. तो तुळशीच्या कुळातला, पानाला तसाच गंध. कुरआनच्या सूरह रहमानमध्ये अल्लाहच्या देणग्या मोजताना धान्याच्या जोडीला रैहान येतो, म्हणजे सुगंधी वनस्पती. अरबी बोलणारे बरेच लोक आज सब्जाच्या जातीलाच रैहान म्हणतात. लावायला सगळ्यात सोपा. बी मातीवर भुरभुरायचं, वर मातीचा पातळ थर, हलकं पाणी. तुरे खुडत राहिलात तर पानं भरपूर येतात. बी हवं असेल तर तुरे वाळू द्यायचे.

अम्मी तुरे वाळू देते. पावसाच्या तोंडावर आम्ही गावी जातो तेव्हा त्या बियांची पुडी तिच्या बटव्यात असते. अब्बांच्या कबरीवर ती त्या पेरते. कबरीवर सब्जा लावावा की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहेत. मी अम्मीशी वाद घालत नाही. एकदा बी पेरून हात झटकत ती म्हणाली होती, "इनकू तो कोई खाली करो नई बोलता।" आम्ही दोघंही परतीच्या एसटीत फारसं बोललो नाही. आमच्या कुटुंबाच्या नावे कायमची म्हणावी अशी तेवढीच जमीन आहे, साडेतीन हात, आणि तीसुद्धा गावाची.

आता सध्याच्या, पाचव्या घराविषयी. करार फेब्रुवारीत संपतो. मालक भले आहेत, कदाचित वाढवतील. या पावसाळ्यात बादलीतल्या कढीपत्त्याला पहिल्यांदाच भरपूर फळं धरली. हिरवी, मग लालसर, मग जांभळट काळी. पिकलेल्या फळाचा गर काढून बी लगेच लावावं लागतं. ठेवून दिलं तर उगवण्याची ताकद लवकर जाते. माझा मुलगा, वय १३, दुधाच्या पिशव्यांत माती भरत होता. त्याने विचारलं, "अब्बू, फेब्रुवारीत आपण इथे नसलो तर?"

त्याला मी मुसनद अहमदमधली दुसरी हदीस सांगितली. तिचा आशय असा, की कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, आणि ते लावता येण्याइतकी फुरसत असेल, तर ते लावा. मुलगा हिशेबी आहे. तो म्हणाला, "कयामतच्या मानाने फेब्रुवारी लांब आहे." आणि पुढची पिशवी भरायला घेतली.

१४ बिया लावल्या. ११ उगवल्या आहेत. दोन काकूंसाठी, दोन शाळेसाठी, एक समोरच्या दारातल्या वहिनींना हवंय, एक गावाला न्हाणीच्या मागच्या कोपऱ्यासाठी. उरलेल्या पाचांसाठी जागा बघतोय. पुण्यात राहत असाल आणि रोज थोडं पाणी घालायला तयार असाल, तर कळवा. तुमच्याकडे अंगण असेल तर फारच छान. भाड्याने राहत असाल तर बादली तयार ठेवा.