यंत्राचे व्याकरण

कला शाखेच्या विद्यार्थ्याने घरात सीएनसी मिलिंगचे यंत्र मांडावे, हे ऐकून मित्र हसतात. "आता कविता साच्यातून काढणार काय?" असे एकाने विचारलेही. पण या यंत्राशी बोलायला भाषाच लागते, आणि मला यंत्राइतकीच त्या भाषेची ओढ लागली आहे.

शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेल्या या यंत्राला '3018' म्हणतात. कारण त्याचा पाट 30 सेंटिमीटर लांब आणि 18 सेंटिमीटर रुंद. ते सुट्या भागांत येते. तीन दिशांना सरकण्यासाठी तीन स्टेपर मोटारी, टूल फिरवणारी चौथी मोटार आणि तळहाताएवढे सर्किट. स्टेपर मोटार पावले टाकत फिरते, एका फेऱ्यात 200. सर्किट प्रत्येक पावलाचे 16 भाग करते आणि एका फेऱ्यात स्क्रू 4 मिलिमीटर सरकवतो. म्हणजे एका मिलिमीटरला 800 सूक्ष्म पावले!

1952 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये असे पहिले मिलिंग यंत्र दाखवले गेले, तेव्हा ते छिद्रे पाडलेल्या फितीवरून हुकूम घेई आणि त्यासाठी निर्वात नळ्यांनी भरलेली कपाटे लागत. आज तेच काम 'ग्रबल' नावाची छोटी आज्ञावली करते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडने ती 2009 मध्ये लिहिली आणि सर्वांना मोफत खुली केली. तसे नसते, तर हा छंद माझ्यासारख्याच्या घरात शिरलाच नसता.

संगणकावर आकृती काढायची, तिच्यावरून टूलचा मार्ग ठरवायचा आणि तो मार्ग 'जी-कोड'मध्ये यंत्राला सांगायचा. 'जी0' म्हणजे न कापता झटकन जा. 'जी1' म्हणजे दिलेल्या वेगाने सरळ कापत जा. 'जी2' म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळ. 'एम5' म्हणजे टूल फिरवणे थांबव. वर्गात आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ शिकतो. या भाषेत सारा आज्ञार्थच! कारखान्यांतील मोठ्या यंत्रांच्या भाषेत 'जर-तर' लिहिता येते. ग्रबलमध्ये तेही नाही. लाकूड ओले आहे की सुके, टूल बोथट झाले आहे का, हे यंत्र विचारत नाही.

माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरातील एका शेडमध्ये टर्नर आहेत. तीस वर्षे त्यांनी लेथ चालवला. अलीकडे तेथे सीएनसी लेथ आले, आणि आबांच्या वाट्याला बरेच दिवस नुसते जॉब लावण्या-काढण्याचे काम येते. त्यामुळे यंत्र घरी आणताना माझ्या मनात धास्ती होती. ज्याने त्यांच्या हातचे काम घेतले, त्याचेच पिल्लू मी घरात आणत होतो.

पहिल्या दिवशी ते दुरूनच पाहत होते. मी दाराच्या पाटीवरची अक्षरे सागवानात कोरत होतो. वेग कोष्टकातून घेतला होता. आबा उठून जवळ आले आणि त्यांनी खाली पडलेला भुसा चिमटीत घेतला.

"पीठ पडतंय बघ. टूल कापत न्हाई, नुसतं घासतंय. फीड वाढीव. आणि आवाज ऐक की जरा, वरडाय लागलंय ते."

फीड वाढवताच पीठ थांबले, बारीक कपच्या पडू लागल्या. आवाजही मऊ झाला.

त्या दिवसापासून ते बोलू लागले. बीड असलं तर कोरडंच कापावं. अल्युमिनियम असलं तर टूलला चिकटतं, रॉकेलचा थेंब सोडावा. जॉब लांब आणि बारीक असला तर मधे वाकतो, कट हलका घ्यावा. फिरत्या टूलजवळ हातमोजे कधी घालू नयेत, ते हातासकट ओढले जातात. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या वडिलांची सारी विद्या संकेतार्थात आणि विध्यर्थात आहे, हे मला तेव्हा कळले.

मी ती वहीत उतरवून घेतो आहे. शेडच्या मालकाने ती कधी विचारली नाही. आज्ञा लिहिणारे पुष्कळ मिळतील, पण कोणती आज्ञा केव्हा द्यायची, हे ज्यांना ठाऊक आहे ते मुकाट्याने जॉब लावत आणि काढत उभे आहेत. आबांना निवृत्त व्हायला अजून सहा वर्षे आहेत, आणि वहीची पाने पुष्कळ कोरी आहेत.