‘जाताना’ आणि ‘गोइंग’

निपाणीच्या मराठी शाळेत इंग्रजीतील वर्तमानकालवाचक धातुसाधित आम्ही मायबोलीच्या आधाराने शिकलो. गुरुजी फळ्यावर प्रथम मराठी वाक्य लिहीत : ‘शाळेत जाताना पाऊस आला.’ जाणारे आम्ही, आला तो पाऊस. तरी मराठीत अर्थाला बाधा येत नाही. हेच इंग्रजीत ‘गोइंग टू स्कूल, रेन केम’ असे उतरवले, की पाऊसच शाळेला निघतो! वाक्यारंभीचे धातुसाधित तेथे मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटते. म्हणून ‘गोइंग टू स्कूल, आय गॉट वेट’ असा कर्ता सांभाळावा लागतो.

शेजारच्या कन्नड मुलाची अडचणही हीच. ‘शालेगे होगुवाग मळे बंतु’ हे त्याचे वाक्य आमच्याच वळणाचे आणि तितकेच शुद्ध.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून येथे मराठी शिक्षणासाठी झगडावे लागते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण तर १८३६ सालीच छापले गेले होते. मराठी शाळा टिकाव्यात, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी : स्वतःच्या वाक्याची घडण ओळखणाऱ्या मुलाला इंग्रजीत कोठे सावध राहावे, हे लवकर उमगते. कन्नड मुलालाही त्याच्या भाषेत हाच अधिकार आहे.