वाढवणे, फुलवणे, उंचावणे

आज एका गायिकेवरचा लेख तपासत होतो. ‘त्यांनी रागाचा विस्तार वृद्धिंगत केला’ या वाक्यापाशी पेन अडलं. राग फुलवतात, बंदिश खुलवतात. ख्यालगायकीत तर ‘बढत’ हा नेमका शब्द रुळलेला आहे. षड्जापासून एकेका स्वराशी थांबत, घाई न करता वर चढत जायचं. वृद्धिंगत व्हावा तो स्नेह.

पगार वाढवतात, आवाज चढवतात, राहणीमान उंचावतात, निखारे फुलवतात. यांची अदलाबदल केली की वाक्य लगेच परकं वाटतं. त्यातही ‘वाढ’ हे सगळं कुटुंबच मायेचं. आई पानात भात वाढते. देवापुढे नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. हातातली बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’. फुटण्यातही वाढ पाहणारी ही भाषा मला फार प्रिय आहे.

म्हणून कार्यालयीन मराठीचा राग येतो. दर, मुदत, पाणीपुरवठा, सगळ्यांत सरसकट ‘वाढ करण्यात आली’! कोणी वाढवलं, कसं, किती हौसेनं किंवा नाइलाजानं, काहीच कळत नाही. हाती येईल त्या मजकुरातून हे ‘करण्यात’ मी काढतो आणि कर्त्याला त्याचं क्रियापद परत देतो.