आईचं रिंगण

परवा मावशीचा फोन आला. तिच्या नातीची पहिली मंगळागौर यंदाच्या श्रावणात आहे. "तू तर येच, पण आईलाही घेऊन ये गं. ती स्वयंपाकघरात असली की मला कसली काळजी नसते." मावशी हे अगदी प्रेमाने म्हणाली. मीही "हो मावशी" म्हणून फोन ठेवला आणि मग दिवसभर काहीतरी टोचत राहिलं. रात्री भांडी आवरताना कळलं, काय टोचतंय ते. मला बार्सिलोनाचा तो रविवार आठवत होता.

तर झालं असं की २०१४ मध्ये मी कामासाठी वर्षभर बार्सिलोनात होते. मे महिन्यात आई दोन महिन्यांसाठी आली. पहिल्याच रविवारी तिला जुन्या शहरातलं मोठं कॅथेड्रल दाखवायला नेलं. आईला चर्च बघण्यात फारसा रस नव्हता, पण ती म्हणाली, "देऊळच आहे ना, चल." बाहेर आलो तर समोरच्या चौकात पायऱ्यांजवळ वाजंत्री बसलेले आणि माणसं गोल करून उभी. बहुतेक जण साठीच्या पुढचे. बायकांनी पर्स, पुरुषांनी कोट, कुणी बाजाराच्या पिशव्या, सगळं गोलाच्या मधोमध ढीग करून ठेवलेलं. आईला ते फार आवडलं. "म्हणजे सामानावर लक्षही राहतं आणि हातही मोकळे!"

हा सार्दाना. कातालुन्याचा नाच. सगळ्यांनी हात धरायचे आणि पावलं टाकायची, बस्स. गरगर फिरणं नाही, उड्या फार नाहीत, मधे येऊन कुणी कसब दाखवत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हे काय, नुसते डावीकडे-उजवीकडे करतायत! गंमत आहे ती हिशेबात. पावलं दोन तऱ्हेची, आखूड आणि लांब. आखूड पावलांना हात खाली, लांब पावलांना हात खांद्याच्या उंचीवर. प्रत्येक गाण्याची लांबी वेगळी, त्यामुळे पावलं मोजावी लागतात. नाहीतर सूर संपतो आणि तुमचा पाय भलत्याच बाजूला राहतो. चांगल्या गटात एक जण मोजणारा असतो, तो बाकीच्यांना इशारा करतो, की आता बदला.

वाजवणाऱ्या ताफ्याला कोब्ला म्हणतात. माणसं अकरा आणि वाद्यं बारा, कारण सुरुवातीची छोटी बासरी वाजवणारा दुसऱ्या हाताने दंडाला बांधलेला इवलासा ढोलही वाजवतो. मग तेनोरा सुरू होते. लांबलचक, सनईच्या नात्यातली, आणि आवाजही तसाच, पोटात कालवणारा. आई चटकन म्हणाली, "अगं, ही तर सनई!" या तेनोराला मानाची जागा दिली आणि सार्दानाला आजचं रूप दिलं ते पेप व्हेंतुराने (१८१७–१८७५). त्याचा जन्म मात्र कातालुन्यातला नव्हे, पार दक्षिणेकडच्या आंदालुसियातला. कातालान माणसं ज्याला आपला नाच म्हणून छातीशी धरतात, तो घडवणारा बाहेर जन्मलेला! फ्रँकोच्या काळात कातालान भाषेची गळचेपी झाली, तेव्हा हात धरून नुसतं गोलात उभं राहण्यालाही अर्थ आला. ते सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी फक्त आईकडे बघत होते. तिची बोटं पदराच्या टोकावर हलत होती. ती मोजत होती.

आई गणिताची शिक्षिका. आणि फुगडीतही तिचा हात धरणारी अख्ख्या वाड्यात नव्हती. बसफुगडी, लाटण्याची फुगडी, सूप घेऊन नाचणं, झिम्मा, पिंगा... मला सगळं तिनेच शिकवलं. दुपारी पोरींना अंगणात उभं करून ती म्हणायची, "पाय जुळवा, भार मागे टाका, हात सोडायचा नाही. सोडलात तर दोघी पडाल."

बाबा २००९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि त्याच श्रावणात माहेरी माझी पहिली मंगळागौर. रात्री खेळ सुरू झाले. मी नऊवारीत, नथ-बिथ घालून मधोमध. तेवढ्यात कुणीतरी मोठ्या माणसाने आईला हळूच सांगितलं, "तू आपली आतलं बघ हो." ती गेली. मटकीची उसळ, भाजणीचे वडे, सगळं गरम बाहेर येत राहिलं. एकदा मी पिंगा घालताना दाराकडे पाहिलं, तर आई हातात झारा घेऊन उभी होती. आमच्यातली एक जण चुकत होती आणि आईचा पाय दाराआड ठेका धरत होता.

मी काही बोलले नाही. माझ्या घरात, माझ्या मंगळागौरीला, माझ्या आईबद्दल. नंतर स्वतःला सांगितलं, नवी सून होते, सासरची माणसं होती, वेळ नव्हती. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा ते फारसं खटकलंच नव्हतं. हे लिहायला आज लाज वाटते.

असो. तर त्या चौकात दुसरं गाणं सुरू झालं आणि एका आजीबाईंनी आईपुढे हात केला. आई माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवेपर्यंत आजींनी तिचा हात धरलाही होता. त्या नाचाचा रिवाजच आहे, कुणीही गोलात शिरू शकतं, फक्त जोडीने नाचणाऱ्यांच्या मधे घुसायचं नाही. तू कोण, कुठली, तुझा नवरा आहे की नाही, हे कोण विचारणार? आईला तर विचारलेलं कळलंही नसतं.

सुरुवातीला ती चुकली. मग आखूड पावलं जमली. लांब पावलांना सगळ्यांचे हात वर गेले, तसे तिचेही गेले आणि तिच्या बांगड्या मागे सरकल्या. शेवटी सूर तुटला, तेव्हा सगळ्यांनी जुळलेले हात एकदम गोलाच्या मध्याकडे नेले. आई जरा उशिरा पोचली आणि खळखळून हसली. बाबा गेल्यानंतर ती तशी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

घरी जाताना ट्रेनमध्ये ती एवढंच म्हणाली, "पाच वर्षांनी कुणीतरी खेळायला बोलावलं."

तेव्हापासून मला गोलातले नाच दिसले की मी थांबते. सर्बियातला 'कोलो', ज्याच्या नावाचाच अर्थ चाक. फेरो बेटांवरचा नाच, ज्यात वाद्य एकही नाही, लांबलचक कथागीतं म्हणत पावलं आपटायची, अगदी आपल्या झिम्म्यासारखं तोंडानेच गाणं. जपानचा 'बोन ओदोरी' तर पूर्वजांचे आत्मे घरी येतात त्या दिवसांतला. मधे उंच मचाण, भोवती सगळा गाव नाचतोय, गेलेल्या माणसांसाठी. म्हणजे ज्यांच्या घरचं माणूस गेलंय, त्यांनी तर नाचायचंच! आणि आपल्याकडे... जाऊ दे. आपला खेळ वाईट नाही हो. मला तो फार प्रिय आहे, म्हणून तर हे लिहितेय.

काल मावशीला परत फोन केला. म्हटलं, "मावशी, आई येईल. पण वाढायला नाही, खेळायला येईल. स्वयंपाकाला बाई लाव, पैसे मी देते." पलीकडे बराच वेळ शांतता. मग मावशी म्हणाली, "मुलीच्या सासूबाईंना विचारायला हवं." म्हटलं, विचार. आणि नाही म्हणाल्या तर मला सांग, मीही आईबरोबर घरीच थांबेन. मावशी "बघते" म्हणाली. अजून तिचा फोन आलेला नाही.

हे सगळं मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं, तर ती माझ्यावरच चिडली. "मला विचारलंस का आधी? गुडघे बघ माझे. मी काय फुगडी घालणार आता?"

मी गप्प बसले. खरंच होतं, पुन्हा एकदा तिला न विचारताच मी ठरवून मोकळी झाले होते.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला. "ती पोरगी पिंगा घालताना उजवा पाय आधी टाकते, मागे पाहिलंय मी. चुकतं ते. कुणीतरी शेजारी उभं राहून मोजायला हवं."