एका बेटाचा बेत

आमच्या घरात प्रवासाची कारणं ठरलेली. हज, उमरा, कुणाचं लग्न, कुणाची मय्यत, नाहीतर आखाती देशातली नोकरी. नुसतं पाहायला म्हणून कुणी कुठं गेल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मी ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जायचं म्हटलं, तेव्हा यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "तिथं कोण आहे आपलं?"

कुणी नाही. पण चिपळूणच्या शाळेत एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर ज्वालामुखीची आकृती काढली, लाल खडूनं लाव्हा दाखवला आणि तास संपल्यावर पुसून टाकला. ज्याचं तोंडच कोसळून समुद्रात गेलं आणि उरलेल्या कडेवर माणसांनी घरं बांधली, असा ज्वालामुखी एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच हौस. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी त्या स्फोटात बेटाचा मधला भाग खचला. आज राहिली आहे ती चंद्रकोर, आत खोल निळं पाणी आणि मध्ये निआ कामेनी नावाचं काळं ठिक्कर बेट. तिथला शेवटचा उद्रेक १९५० सालचा.

मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, "एवढे पैसे साठलेत, तर आणखी एक उमरा करून या." मी म्हटलं, "आपा, हज झाला, उमराही झाला. ही हौसही त्यानंच दिलीय." त्या हसल्या, पण त्यांना ते पटलं नाही.

माझे अब्बा जहाजावर खलाशी होते. मुंबईहून सुटायचं, सुवेझ ओलांडायचं आणि भूमध्य समुद्रात शिरायचं, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. याच बेटाची ज्वालामुखीची माती सुवेझ कालव्याच्या बांधकामात वापरली गेली, हे मी फार उशिरा वाचलं. अब्बा हयात असते तर त्यांना सांगितलं असतं. जगभर फिरलेला माणूस, पण बंदरापलीकडे त्यांनी फारसं काही पाहिलं नाही.

बेत जमत आला होता आणि २०२५च्या जानेवारीअखेर बेट हलायला लागलं. फेब्रुवारीत हजारो धक्के बसले, शाळा बंद झाल्या, अकरा हजारांहून अधिक माणसं बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेली. जमिनीखाली शिलारस सरकल्यामुळे हे घडलं, असं शास्त्रज्ञांनी पुढं मांडलं. मुलाचा पुण्याहून फोन आला, "अम्मी, आता तरी नाव सोड." हे काही बोलले नाहीत. उठून अंगणात गेले.

मला ११ डिसेंबर १९६७ आठवला. रमजान चालू होता. पहाटे चारच्या सुमारास अम्मी सहरीसाठी उठली होती, चूल पेटली होती. सव्वाचार होऊन गेले आणि भांडी मांडणीवरून खाली आली. अम्मीनं आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणलं. जूनपासून सुवेझ बंद होता, अब्बांचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जात होतं. आम्ही जिवंत आहोत हे त्यांना कितीतरी दिवसांनी कळलं. पण आम्ही वाचलो. यांचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेला लागून. त्या पहाटे यांची दादी भिंतीखाली गेली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, हे त्याविषयी दोनदाच बोलले आहेत.

त्याच १९६७ साली सँटोरिनीवर अक्रोतिरी गावाचं उत्खनन सुरू झालं. राखेखाली दोन-तीन मजली घरं, भिंतींवर रंगवलेली माकडं आणि पाकोळ्या, धान्याचे रांजण, सगळं मिळालं. स्फोटात सापडलेल्या माणसांचे सांगाडे मात्र तिथं मिळाले नाहीत. आधी भूकंप झाले, लोकांनी ते ओळखलं आणि घरं सोडली, असं मानतात. एके रात्री हे मी यांना सांगितलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्यांनाही नेलं असेल बरोबर?" मी म्हटलं, "नेलं असेल."

दुसऱ्या दिवसापासून हे माझ्याबरोबर नकाशा घेऊन बसायला लागले. जुन्या बंदरातून फिरा गावात चढायला ५८८ पायऱ्या आहेत. माझे गुडघे पाहता आम्हाला रोपवेच बरा. गाढवावर बसायला हे तयार नाहीत, त्या जिवाचे हाल होतात म्हणतात. गर्दी टाळायची म्हणून ऑक्टोबर ठरला. कड्यावरच्या पांढऱ्या खोल्यांचे दर ऐकून दोघांनाही हसू आलं. त्यापेक्षा पेरिसा बरं, सपाट गाव, काळी वाळू. तिथली 'फावा' नावाची पिवळी डाळ लाखेच्या डाळीची चुलतबहीण. व्हिसाचे नव्वद युरो, तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे कागद. आमची नावं वाचून अर्ज बाजूला पडेल का, ही शंका यांनी काढली आणि मीही ती खोडून काढली नाही.

यांची एकच अट होती. खोली तळमजल्यावर हवी, दार थेट अंगणात उघडायला हवं. मी तसं मालकिणीला लिहिलं. तिचं उत्तर आलं. घर एकमजली आहे, अंगण आहे. ९ जुलै १९५६च्या भूकंपात जुनं घर पडलं, हे तिच्या सासऱ्यांनी नंतर बांधलं.

यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "फोटो काढायला कधी जायचं?"